नांदूर मध्यमेश्वरहून आल्यावर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रिटायर झालात म्हणून दिवसभर पेपर चघळत बसायचं नाही, असा तुझ्या आईचा हुकूम निघाला. तेव्हा परवा दोघं नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलो. निफाडची थंडी तुला ठाऊकच आहे. चापडगावच्या गेटवर उतरलो तेव्हा आईने स्वेटरवर माझं जॅकेटही चढवलं होतं. मी कुडकुडलो, पण बोललो नाही.

पाटबंधाऱ्याच्या नोकरीत इथल्या बंधाऱ्यावर खूपदा आलो, पण जीपमधून. पाण्याची पातळी बघायची, आवर्तनाचा हिशेब लावायचा, की परत. पायी चाललो ते आत्ताच. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा इंग्रजांच्या काळातला बंधारा. दारणा-गंगापूर धरणांचं पाणी इथे येतं आणि कालव्यांनी कोपरगावकडे जातं. शंभरेक वर्षांत दोन्ही नद्यांनी इतका गाळ आणून टाकला की साठवण पार कमी झाली. आमच्या खात्यात हा तोटा. पण गाळामुळेच पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणगवत माजलं. पाय बुडावेत पण पोट भिजू नये, एवढंच पाणी शेकाट्या आणि चमचा या लांब पायांच्या पक्ष्यांना लागतं. आमचं धरण मनासारखं खोल राहिलं असतं, तर 1986 साली इथे अभयारण्य झालं नसतं आणि 2019 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून याचं नावही लागलं नसतं. वरच्या अंगाला चांदोरी-सायखेड्यात पूर शिरतो तेव्हा तिथले लोक याच गाळाच्या नावाने बोटं मोडतात, तेही खोटं नाही. गाळ काढा आणि काढू नका, दोन्ही फायलींवर मी अनुकूल शेरा मारीन!

काठाने इतके सावकाश चाललो की मागून आलेली शाळेची पोरं पुढे जाऊन, बघून परतलीसुद्धा. त्यांना काय दिसलं देव जाणे. आम्हाला एक जांभळी पाणकोंबडी सापडली. तिने लव्हाळ्याचा दांडा उपटला, एका पंजात मुठीसारखा धरला, चोचीने साल सोलली आणि आतला पांढरा गाभा खाल्ला. मग दुसरा दांडा. आई म्हणाली, ‘बघा, ऊस खातेय.’ पलीकडे थापट्या बदकांचा घोळका पाण्यात चोची खुपसून गोल गोल फिरत होता. त्या फिरण्याने खालचं खाद्य वर येतं, असं आमच्याबरोबरच्या गाइडने सांगितलं. गावातलाच पोरगा, दुर्बीण न लावता पक्षी ओळखतो. तेवढ्यात दलदल ससाणा वरून गेला आणि सगळे वारकरी पक्षी पाण्यावर पाय आपटत पळत सुटले. केवढा तो फडफडाट!

मनोऱ्यावर मात्र मोबाइलवाल्यांची इतकी गर्दी होती की आम्ही चढलोच नाही.

तू येशील तर होळीच्या आत ये, नंतर बदकं उत्तरेकडे निघून जातात. रजा आत्ताच टाक. तुझा तो भडक लाल जर्किन आणू नकोस, मातकट काहीतरी घाल. आणि सहाच्या आत उठायची तयारी ठेव. आई डब्यात काय करू म्हणून आतापासून विचारतेय, तेवढं तिला फोन करून सांग.

तुझे,
बाबा