डॉक्टरांच्या संघटनेचा इतिहास माळ्यावर पडून आहे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

1 जुलैच्या डॉक्टर दिनाच्या सत्कारांची छायाचित्रे आपल्या अंकात पाहिली. त्याच आठवड्यात मी भद्रकालीतल्या आमच्या वाड्याचा माळा उपसत होते. तळमजल्यावर माझ्या वडिलांचा, अण्णांचा, दवाखाना होता. वाडा आता उतरवायचा आहे. माळ्यावर दोन ट्रंका निघाल्या. एकीत खल-बत्ता आणि मिक्श्चरच्या बाटल्यांना चिकटवायच्या, डोसाच्या खाचा कातरलेल्या कागदी पट्ट्या. दुसरीत इंडियन मेडिकल असोसिएशन (आयएमए) या डॉक्टरांच्या संघटनेच्या मासिकाचे सुतळीने बांधलेले अंक, वर्गणीच्या पावत्या आणि सभांची निमंत्रणे. रद्दीवाला सगळे किलोवर न्यायला तयार होता. मी दिले नाही, कारण निमंत्रणांच्या पाठकोऱ्या बाजूवर अण्णांचे पेन्सिलीतले अक्षर दिसले.

मीटिंग असली की दवाखाना लवकर बंद करून अण्णा सायकलवर निघत. लहानपणी आम्हाला वाटे, चहा-बिस्किटांसाठी जातात. आता टिपणे वाचली. एका ठिकाणी लिहिले आहे : ‘जुलाबात पाणी तोडू नये. मीठ-साखरेचे पाणी घोटघोट, सतत.’ खाली दोन रेघा. त्यापूर्वी जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडायला सांगणारे डॉक्टर कमी नव्हते, आणि घरोघरच्या आज्याही तेच सांगत. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या माणसाला नवे कोण शिकवणार? ती शाळा संघटनेने चालवली. 1995 च्या अखेरच्या एका निमंत्रणामागे एवढेच आहे : ‘केसपेपर नीट लिहिणे.’ वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याच नोव्हेंबरात लागला होता. त्या खटल्यात संघटना स्वतः पक्षकार होती, आणि निकाल तिच्या मनासारखा लागला नव्हता. तरी अण्णांनी त्यातून आपल्यापुरते काम शोधले. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

ही संघटना 1928 साली कोलकात्याच्या वैद्यकीय परिषदेत जन्मली. सरकारी वैद्यकीय सेवेत तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता. स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या आपल्या डॉक्टरांना स्वतःचे व्यासपीठ हवे होते. नीलरतन सरकार, बिधानचंद्र रॉय ही त्यातली मोठी नावे. रॉय यांचा जन्म 1 जुलैचा आणि मृत्यूही 1 जुलैचा, म्हणून तो डॉक्टर दिन. आज सामान्य माणसाला मात्र ‘आयएमए’ कळते ती ओपीडी बंद असते त्या दिवशी. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यातील डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर देशभर 24 तास बंद पाळला गेला, तो मला योग्यच वाटला. डॉक्टरांवर हात उगारू नये म्हणून आपल्या राज्यात 2010 पासून कायदा आहे, तरी मारहाणीच्या बातम्या थांबत नाहीत. पण बंदाखेरीज ही मंडळी एकत्र येऊन काय करतात, हे कुणी सांगितलेच नाही तर लोकांना कळावे कसे?

2028 मध्ये संघटनेला 100 वर्षे होतील. माझी कळकळीची विनंती आहे की नाशिकच्या डॉक्टरांनी त्याआधी जुनी कागदपत्रे गोळा करावीत. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्याच गावात आहे, 1840 पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. जागेची अडचण पडू नये. ऐंशी-नव्वदीतल्या जनरल प्रॅक्टिशनरांच्या घरी जाऊन त्यांचे बोलणे रेकॉर्ड करावे. हे काम सत्कारापेक्षा आधी व्हावे, कारण ती माणसे फार दिवस थांबणार नाहीत. अण्णा तर गेलेच.

दुसरी ट्रंक मी कधीही द्यायला तयार आहे. रुग्णांच्या वह्या मात्र देणार नाही. त्यांत लोकांची नावे आणि दुखणी आहेत. त्या जपायच्या की नष्ट करायच्या, हे जाणत्या डॉक्टरांनी आपल्या सदरातून सांगावे. वाडा दिवाळीनंतर उतरवणार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पंचवटी, नाशिक