भाजी दहा मिनिटांत येते, पण तोडली कधी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन भाजी घेणारी पुण्यातली घरे समाधानी आहेत की नाहीत, याचा अंदाज कंपन्या 'किती मिनिटांत पोचली' यावरून बांधतात. स्वयंपाकघरात तो हिशेब जुडी निवडून झाल्यावर होतो. पिवळी पाने, मुळे आणि चिखल बाजूला काढल्यावर ताटात किती पाला उरला, यावर. दहा मिनिटे लागतात ती गोदामापासून दारापर्यंत. त्याआधी ती मेथी क्रेटमध्ये किती तास पडून होती, हे बहुतेक ॲपवर दिसत नाही. म्हणून आमची पहिली मागणी अशी, की भाजी तोडल्याची, ते जमत नसेल तर निदान गोदामात उतरल्याची तारीख आणि वेळ पाकिटावर छापावी.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पालेभाजी रात्रीपासून उतरते आणि पहाटे विकली जाते. सकाळी मागवलेली कोथिंबीर आणि रात्री नऊला मागवलेली कोथिंबीर यांत फरक पडतो तो यामुळे. शनिवारी यार्डातला फळे-भाजीपाला विभाग बंद असतो. कंपनीचा माल थेट शेतातून येत नसेल, तर त्या दिवशीची पालेभाजी बहुधा आदल्या दिवशीची असते. आठवड्याची भाजी एकदाच भरणाऱ्यांनी रविवारची सकाळ धरावी, त्या दिवशी आवक मोठी असते. मटार परराज्यातला असेल तर वाटेतच त्याच्यातल्या साखरेचे पिष्ट होऊ लागते आणि दाणा बेचव लागतो. तेव्हा माल कुठून आला तेही लिहावे.

खरी नासाडी होते ती थंडाव्यात. पालेभाजीला 0 ते 5 अंश तापमान आणि भरपूर दमट हवा मानवते. भेंडी, वांगी, काकडी यांना 10 अंशांखाली ठेवले की थंडी बाधते आणि केळ्याला 13 अंशांखाली. छोट्या गोदामात सगळे एकाच थंड खोलीत गेले तर व्हायचे तेच होते. भेंडीवर काळे डाग पडतात, वांगे चिरल्यावर आतल्या बिया तपकिरी निघतात, काकडीला खळगे पडून ती पाणचट होते, केळ्याची साल राखाडी पडते आणि ते नीट पिकत नाही. बटाटा फार थंडीत राहिला की त्यातल्या पिष्टाची साखर होते. काचऱ्या करताना त्या शिजण्याआधीच काळपट पडल्या तर दोष तेलाचा नसतो. यातले काहीही पाकीट हातात आल्याबरोबर दिसत नाही. भाजी उष्ण हवेत आल्यावर एक-दोन दिवसांत ते उघडे पडते, आणि तोवर ॲपवरची तक्रारीची मुदत बहुतेक वेळा संपलेली असते. बाहेरून दिसणाऱ्या आणि चिरल्यावर कळणाऱ्या खराबीला एकच मुदत लावणे अन्यायाचे आहे. वांगी, काकडी, बटाटा यांना निदान 48 तास मिळायला हवेत.

थंड पाकीट दारात आले की आतून घाम धरते. पालेभाजी तशीच फ्रिजमध्ये टाकली तर दुसऱ्या दिवशी चिकट होते, पावसाळ्यात तर हमखास. पाकीट लगेच फोडून जुडी सोडावी, कोरड्या कागदावर अर्धा तास पंख्याखाली पसरावी, सडकी पाने काढावीत आणि न धुता कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. धुणे चिरायच्या वेळी. कोथिंबिरीशेजारी पिकते टोमॅटो किंवा केळी ठेवू नयेत. त्यांच्यातून इथिलीन वायू निघतो आणि पाने पिवळी पडतात. ताजेपणा पाहायचा तर देठाचा कापलेला भाग पाहावा. तो ओलसर, फिका असेल तर जुडी ताजी. तपकिरी, सुकलेला असेल तर वरून पाणी मारून ती टवटवीत केलेली असू शकते.

वजनाचे म्हणाल, तर '1 जुडी' हे मापच नव्हे. उन्हाळ्यातली जुडी आणि थंडीतली जुडी यांत दुपटीचाही फरक असू शकतो. पालेभाजीही ग्रॅमवर विकावी. बंद पाकिटावर निव्वळ वजन लिहिणे वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार बंधनकारकच आहे. घरच्या काट्यावर भरलेले पाकीट ठेवावे, मग रिकामे पाकीट तोलून वजा करावे. पाच-दहा ग्रॅमवरून वाद नको. 500 ग्रॅमच्या भेंडीत 40-50 ग्रॅम कमी भरत असतील तर मात्र गप्प बसू नये. भावाची तुलनाही किलोवर आणून, हाताळणी आणि घरपोच शुल्क मिळवून करावी. 250 ग्रॅमचा आकडा नेहमीच स्वस्त वाटतो.

पिशवीत बटाटे वर आणि टोमॅटो खाली येतात, त्याबद्दल दारात आलेल्या मुलाला बोलू नये. त्याला बांधलेली पिशवीच मिळते. जड खाली, नाजूक वर हा भरण्याचा क्रम गोदामातल्या कामगाराला शिकवणे आणि त्यासाठी त्याला पुरेसा वेळ देणे कंपनीचे काम आहे.

तक्रार करताना पाकिटावरचे लेबल, खराब भाग आणि काट्यावरचा आकडा एकाच फोटोत घ्यावा. परतावा ॲपच्या वॉलेटमध्ये नको, ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच मागावा. स्वयंचलित उत्तरांवर अडकलात तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे त्याचे नाव आणि संपर्क ॲपवर असलाच पाहिजे, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तेही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

– ऑनलाइन भाजी घेणारे काही ग्राहक, कोथरूड, पुणे