हुशारीच्या गोळीआधी लोहाची गोळी

संपादक महोदय,

परीक्षा जवळ आली की जळगाव-धुळ्यात ‘रात्रभर जागं ठेवणारी गोळी आहे का’ असं मेडिकलवर विचारणारी मुलं येतात. नावं दोन: मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट. पहिली दिवसा अनावर झोप येण्याच्या आजारासाठी, दुसरी एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारासाठी. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानात दोन वर्षं जपायची, साठा कुलपात ठेवायचा. दुकानात सहज मिळत नाही, मग एडीएचडी असलेल्या धाकट्या भावंडाच्या औषधाच्या पाकिटातून गोळी उचलली जाते आणि ज्याला तिची खरी गरज, त्याचाच डोस बुडतो.

निरोगी मेंदूच्या पदरात काय पडतं? मोडाफिनिलचा नियोजनासारख्या कामात थोडा फायदा दाखवणारे अभ्यास आहेत, ते नाकारू नयेत. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलबर्न विद्यापीठाच्या प्रयोगात ४० निरोगी माणसांना ही औषधं देऊन अवघड कोडी सोडवायला लावली. धडपड वाढली, वेळ जास्त गेला, उत्तरांचा दर्जा मात्र घसरला. एरवी सरासरीच्या वर असणारे औषध घेतल्यावर बरेचदा खाली आले.

मोडाफिनिलचा निम्मा अंश शरीराबाहेर पडायला साधारण १५ तास लागतात. रात्री ९ ला घेतलेल्या २०० मिलिग्रॅमपैकी दुसऱ्या दिवशी दुपारी १२ लाही जवळपास १०० शिल्लक असतं. वाचलेलं पक्कं होतं झोपेत, आणि नेमकी तीच झोप जाते. अंगावर पुरळ उठलं तर गोळी तत्काळ थांबवून दवाखाना गाठायचा. गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही ती कमी करते, बंद केल्यावर महिनाभर. मिथाइलफेनिडेटने भूक मरते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. भुसावळच्या मे महिन्यात, उपाशीपोटी, हे अंगाशी येऊ शकतं.

‘माझा मेंदू, माझी मर्जी’ हा युक्तिवाद प्रौढांपुरता मान्य करता येईल. पण शेजारचा घेतो म्हणून सतरा वर्षांचं पोर घेतं, तेव्हा मर्जी उरतेच कुठे? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्येच अभ्यासासाठी चिठ्ठीविना अशी औषधं घेणं गैरप्रकारांत धरलं. आपल्या अभ्यासिकांनी आणि क्लासेसनी तेवढं तरी लिहून लावावं.

आम्हाला जास्त सलतं ते वेगळंच. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात रक्तक्षयाने थकलेल्या मुलीचं वर्गात लक्ष लागत नाही, आणि तिच्यासाठीचं औषध फुकट आहे: १० ते १९ वयोगटाची आठवड्याची निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. ती वाया जाते छोट्या कारणांनी. उपाशीपोटी दिली की मळमळतं, पुढच्या आठवड्यात मुलगी ती टाकून देते. शौचाला काळं झालं की घरचे घाबरतात. सोबत चहा घेतला की लोह नीट शोषलं जात नाही. म्हणून गोळी जेवणानंतर, पाण्यासोबत, शिक्षकांसमोर द्यावी, चहा तासाभराने, काळ्या रंगाचं आधीच सांगून ठेवावं. जंताची ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल चुकवू नये. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना मात्र लोह डॉक्टरांना विचारूनच.

अन्न व औषध प्रशासनाने परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत क्लासेसच्या परिसरातल्या दुकानांची शेड्यूल एक्सची नोंदवही तपासावी. आणि आश्रमशाळांत निळी गोळी किती वाटली याबरोबर किती गिळली गेली, याचीही नोंद ठेवावी.

– काही औषधविक्रेते, जळगाव