बोंडअळीची बातमी जानेवारीत छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोळा आला की आपल्या पानावर गुलाबी बोंडअळीची बातमी हमखास येते. सोबत फोडलेल्या बोंडाचा फोटो आणि कोणतं औषध मारावं याचा सल्ला. माझी विनंती एवढीच, की ही बातमी आता, जानेवारीत छापा. पोळ्याला वाचून आमच्या हाती फवारणीचा पंपच काय तो उरतो.

सध्या काटोलहून नागपूरला येताना रस्त्याकडेची वावरं बघा. चार-चार वेचे झाले तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभीच. विहिरीला पाणी आहे तो फरदड घेतोय, म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन त्याच झाडांना पुन्हा बोंडं आणतोय. गेल्या वर्षी मीही घेतली, लपवत नाही. दीड एकराला दोन पाणी, वरून खत, आणि हाती आला सव्वा क्विंटल कापूस. त्यातली निम्मी कवडी, म्हणजे किडका, डागी कापूस. वेचणीलाच किलोमागे 12 रुपये गेले. खरा हिशेब मात्र यंदाच्या हंगामात, ऑगस्टमध्ये लागला. शिवारात पहिल्या डोमकळ्या, म्हणजे अळी आत शिरल्यानं नीट न उमलणारी फुलं, माझ्या वावरात दिसल्या. धुऱ्यापलीकडच्या (बांधापलीकडच्या) काकांनी डिसेंबरातच वावर मोकळं केलं होतं, तरी त्यांच्या कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठाच्या वर पतंग सापडले. म्हणजे फवारणीची वेळ आलीच. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

या अळीचं पोट मुख्यतः कपाशीवरच चालतं; भेंडी-अंबाडीवर थोडंफार. पीक संपत आलं की ती दोन सरक्या एकमेकींना चिकटवते आणि आत झोपून राहते, ती पुढच्या हंगामापर्यंत. आपण फरदडीला पाणी देतो तेव्हा तिला आणखी एक पिढी वाढवायला बोंडं पुरवतो. 2006 साली दोन जनुकांचं बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं कपाशीचं वाण, आलं आणि आपण निर्धास्त झालो. अळीनं तेही पचवलं. 2017 चा हंगाम या अळीनं खाल्ला, ते विदर्भात कोणी विसरलेलं नाही. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली.

'पऱ्हाटी उपटून नष्ट करा' हा सल्ला बरोबरच आहे, पण सांगणाऱ्यांनी एकदा गावातल्या चुलीपाशी बसावं. पऱ्हाटी हे आमचं सरपण आहे. म्हणून ती उपटली तरी धुऱ्यावर ढीग लागतो, आणि त्यातल्या किडक्या बोंडांत अळी जूनपर्यंत सुखानं राहते. त्यापेक्षा शेवटच्या वेच्यानंतर वावरात शेळ्या-मेंढ्या बसवाव्यात, उरलेली बोंडं त्या खाऊन टाकतात. सरपणापुरती पऱ्हाटी बोंडं झाडून घरी न्यावी, बाकीची ट्रॅक्टरच्या यंत्रानं बारीक करून मातीत घालावी. हे यंत्र एकट्याला परवडत नाही, गावाला परवडतं. भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस आणि जिनिंगमधली (रुई-सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीतली) सरकी यांतूनही पतंग निघतात. तिथेही सापळे हवेत.

 

26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा होईल. 'फेब्रुवारी लागायच्या आत शिवारात उभी पऱ्हाटी नको' असा ठराव आमच्या गावात मी मांडणार आहे. गेल्या वर्षी फरदड घेणाऱ्यानंच मांडलाय म्हणून लोक हसतील, हसू द्या. त्याआधी आपल्या दैनिकात चार ओळी आल्या, तर ठरावाला हात वर करणारे दोन जण तरी वाढतील.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. काटोल, जि. नागपूर