पॉलिश चमचाभर, पुसणं अर्धा तास

कोजागरी पौर्णिमा

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

आई, लाकडी सामानाच्या पॉलिशसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या रसाची कृती करू नकोस. लावल्या लावल्या लाकूड छान दिसेल, पण ते तेल कधीच वाळत नाही. चार दिवसांत त्यावर धूळ धरते, पुढे हाताला चिकट लागतं आणि शेवटी खवट वास सुटतो. लिंबाच्या रसातलं पाणी तेलात मिसळत नाही. बाटली हलवली की तेवढ्यापुरतं एकजीव दिसतं, आणि तशीच ठेवली तर रसाला बुरशी येते. शेंगदाण्याचं, मोहरीचं किंवा खोबरेल घेतलं तरी चिकटपणाची गत तीच.

लाकडाला लागतं वाळणारं तेल, आणि आपल्याकडे ते म्हणजे जवसाचं. वाळणं म्हणजे उडून जाणं नव्हे. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा पातळ पापुद्रा बनतो. कुठलं तेल किती वाळेल ते त्याच्या आयोडीन मूल्यावरून कळतं, आकडा जितका मोठा तितकं ते जास्त वाळणारं: जवसाचं १७०च्या वर, शेंगदाण्याचं ९०च्या आसपास, खोबरेलाचं १०च्या आसपास. या जवसाच्या तेलात मधमाश्यांचं मेण मिसळलं की झालं आपलं पॉलिश. तिसरी वस्तू लागत नाही.

पण मेण विकत आणायच्या आधी घरातल्या कुठल्या वस्तूवर आधीच काय चढवलेलं आहे ते बघा. बाबा, हे काम तुमचं. कपाटाच्या मागच्या बाजूला, टेबलाच्या खालच्या कडेला, अशा न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. पाच मिनिटांत तो मुरला आणि तिथलं लाकूड गडद झालं, तर लाकूड उघडं आहे. त्याला आपलं पॉलिश सगळ्यात जास्त मानवेल. थेंब तसाच उभा राहिला तर तो पुसून दुसऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने थोडं स्पिरिट लावा. बोट चिकटलं तर ते जुनं लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. जुन्या सागवानी आणि शिसवी सामानावर बहुतेक हेच असतं. त्यावर आपलं मेण चालेल, फक्त अगदी पातळ. स्पिरिटनेही काही झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) यांचा प्लास्टिकसारखा थर आहे. त्यातून तेल आत जात नाही, नुसतं वर फासल्यासारखं राहतं. अशा वस्तू आणि सनमायका ओलसर कापडाने पुसून कोरड्या करा, एवढंच पुरे.

जवसाचं तेल लाकडी घाण्यावरचं, खायचं आणा. रंगाच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' म्हणून मिळतं ते लवकर वाळतं हे खरं, पण त्यात वाळवणीसाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. घरात रोज हात लागणाऱ्या वस्तूंना ते मला नको वाटतं. साधं तेल वाळायला तीन-चार दिवस जास्त घेईल, तर घेऊ दे. मेणासाठी पुण्यातल्या गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. १९६२ सालापासूनची संस्था आहे, खरं मेण कुठे मिळेल ते तिथे नीट कळेल. बाजारात मेणात पॅराफिन मिसळलेलं असतं. खरं मेण पिवळसर असतं, त्याला मधाचा वास येतो, आणि बोटांत थोडा वेळ मळलं की मऊ होऊन आकार धरतं. पॅराफिन पांढरट असतं, हाताला गुळगुळीत लागतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

प्रमाण वजनानेच घ्या, कपाने नको: ५० ग्रॅम मेण, १५० ग्रॅम तेल. तेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते मापाने साधारण १६० मिलिलिटर भरेल. मेण जुन्या सुरीने तासून घ्या. किसणीवर किसलंस तर ती किसणी परत खोबऱ्याला वापरता येणार नाही. मोठ्या पातेल्यात चार बोटं पाणी उकळत ठेवून त्यात छोटं कोरडं स्टीलचं भांडं ठेवायचं आणि मेण त्या भांड्यात घालायचं. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्याची ऊब भरपूर होते. भांडं थेट गॅसवर ठेवायचं नाही. मेण धुरावलं की पेट घ्यायला वेळ लागत नाही. त्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नकोस, तडतडून अंगावर उडतं. कृतीत टर्पेंटाइन मुद्दामच घेतलेलं नाही, कारण त्याची वाफ गॅसजवळ पेटते. कोणी सुचवलं तरी त्यात घालू नका.

मेण पूर्ण वितळलं की तेल बारीक धारेने ओत. थंड तेल पडताच मेणाच्या गुठळ्या होतील. घाबरू नकोस, भांडं पाण्यातच राहू दे, पाच मिनिटांत पुन्हा स्वच्छ होईल. मग थंडगार स्टीलच्या ताटलीवर एक थेंब टाक. पाक बघतेस तसंच हे. दोन मिनिटांनी बोटाने दाबलं की लोण्यासारखं पसरायला हवं. बोटाला लागतच नसेल तर दोन चमचे तेल आणखी, आणि पळत असेल तर १० ग्रॅम मेण आणखी. एप्रिल-मेमध्ये करायची वेळ आली तर सुरुवातीलाच मेण ६० ग्रॅम घे.

गॅस बंद केल्यावर भांडं तसंच सोडून जाऊ नकोस. लाकडी काडीने हलवत राहा. सावकाश, न हलवता थिजलं तर ते तुपासारखं रवाळ होतं, आणि मग कापडावर कण कण येतात. दाटसर झालं की छोट्या बरण्यांत अगदी काठापर्यंत भर. अर्धवट भरलेल्या बरणीत हवा राहते आणि तेलावर साय धरते. वर तारीख लिहा आणि वर्षभरात संपवा. भांडं गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घे. मेणाचं पाणी सिंकमध्ये ओतलं तर ते पाइपात जाऊन थिजेल आणि मोरी तुंबेल.

शिसवी कपाटाचा रंग उडालाय असं वाटत असेल, तर तेवढ्यापुरता एक जुना उपाय आहे. काष्ठौषधींच्या दुकानातून ५ ग्रॅम रतनजोत, म्हणजे लाल रंग देणारं एक मूळ, आणा. पन्नास ग्रॅम कोमट तेलात ते तासभर ठेवलं की तेल गडद लाल होतं. गाळून त्याचंच पॉलिश करा. उन्हात हा रंग विटतो आणि ताजा असताना कपड्यांना लागतो, म्हणून खुर्च्यांना किंवा झोपाळ्याला तो नको.

आता लावणं. आरामखुर्चीच्या हातांवर काळपट थर असतो तो लाकडाचा रंग नाही, वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ आहे. त्यावरच मेण चढवलं तर मळ आत बंद होईल. चार-पाच रिठे रात्री कपभर पाण्यात भिजवा. सकाळी त्या पाण्यात कापड बुडवून घट्ट पिळा, पुसा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. लाखेच्या पॉलिशला ओल सोसत नाही, म्हणून हात हलका ठेवा. एक दिवस वाळू दे.

बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा पॉलिशला सगळ्यात उत्तम. टेबलाच्या अख्ख्या फळीला चहाचा एक चमचा पॉलिश पुरतं. लाकडाच्या रेषेच्या दिशेने, जणू लागलंच नाही इतकं पातळ फिरवा. वीस-तीस मिनिटांनी दुसरं कोरडं कापड घेऊन तळहाताखाली लाकूड किंचित ऊबदार लागेपर्यंत पुसा. चमक येते ती या पुसण्यातून. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा एकदा पुसा. बोटाचा ठसा उमटत असेल तर थर जाड झालाय. त्यावर आणखी लावू नका. गॅस बंद, खिडक्या उघड्या, आणि कापडावर टर्पेंटाइनचे दोन-चार थेंब घेऊन जास्तीचं काढून टाका. सध्याची ऑक्टोबरची कोरडी हवा यासाठी फार चांगली आहे. पावसाळ्यात हेच पॉलिश आठवडाभर ओलसर राहतं.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. जवसाचं तेल वाळताना ऊब सोडतं. तेलकट कापडाचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला तर ती ऊब आत कोंडते आणि कापड आपोआप पेटू शकतं, काडी लागत नाही. म्हणून प्रत्येक फडकं गॅलरीतल्या दोरीवर पूर्ण पसरून, एकावर एक न ठेवता वाळत घाला. कडक झालं की मग टाका. ते जमणार नसेल तर सरळ पाण्याच्या बादलीत भिजत ठेवा. हे रोज फोनवर विचारीन.

गरम कपाचे पांढरे गोल मेणाने जात नाहीत. ती लाखेत अडकलेली ओल असते, तिथे पॉलिशवाल्या कारागिरालाच बोलवा. कुठे छोटी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो घूण आहे. त्यावर मेण फासून भोकं बुजवू नका, आधी औषध. अडकणाऱ्या खणाला मात्र पॉलिशची गरज नाही. खणाच्या खालच्या दोन्ही कडांवर मेणाचा कोरडा खडा घासा, लगेच सरकेल. पोळपाट-लाटण्यासाठी वेगळी छोटी बरणी कर: १० ग्रॅम मेण, ४० ग्रॅम खोबरेल. तिथे खोबरेल चालतं, कारण पोळपाट रोज धुतला जातो, धूळ साचत नाही. ते धुऊन निघून जातं, म्हणून महिन्याने पुन्हा लावायचं.

आणि बाबा, तुमच्या काठीच्या मुठीला, जिन्याच्या कठड्याला आणि पाटाच्या खालच्या बाजूला मेण अजिबात नको. हात किंवा पाट सटकेल. मुठीला नुसतं जवसाचं तेल, दोन थेंब, आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत चार दिवस दुसरी काठी वापरा.

एका दिवशी एकच वस्तू घ्या. आधी देव्हारा, तो लहान आहे, हात बसेल. झोपाळ्याची फळी बसल्या बसल्या होईल. कड्यांजवळचा वरचा भाग आणि कपाटाचा माथा मी धनत्रयोदशीला आल्यावर करीन, त्यासाठी स्टुलावर चढू नका. तेवढ्यासाठी एक बरणी बाजूला ठेवा.

तुमची
मनू