चि. माऊस, शामोनीला निघण्यापूर्वी

मुलुंड (पूर्व), मुंबई
जानेवारी, रविवार दुपार

चि. माऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तुझ्या शामोनीच्या, फ्रान्सच्या आल्प्समधल्या स्कीइंगच्या सहलीबद्दल आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तू म्हणालीस, "बाबा, गाइड आहे ना बरोबर," आणि मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे पटलं असं नाही. जे सांगायचं होतं ते फोनवर नीट मांडता येईना, म्हणून लिहायला बसलोय. तुला थांबवायला नाही. तिकिटं निघाली, व्हिसा हातात आला, आणि तीस वर्षं सह्याद्रीत भटकलेल्या माणसाने स्वतःच्या पोरीला डोंगरावर जाऊ नकोस म्हणावं, हे मला शोभणारही नाही.

तुला बेलपाड्याची गोष्ट माहीत आहे, पण अर्धीच. नळीच्या वाटेने, म्हणजे कड्यातल्या अरुंद नाळेतून, हरिश्चंद्रगड चढताना काकाला दगड लागला, गावकऱ्यांनी झोळी करून रात्री खाली आणलं, एवढंच मी तुला लहानपणी सांगायचो. आधीचा भाग मी कधी सांगितला नाही. जून संपत आला होता. आम्ही पाच जण. मुरबाडची एसटी, मग चाल, असं करत मुक्कामाला पोचलो. सकाळी निघताना गावातले एक म्हातारे बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "आज नाळंत नका जाऊ. रातच्याला वर पाऊस झालाय. दगड सुटतील." खाली गावात थेंब पडला नव्हता. आम्ही वर पाहिलं, कोकणकडा स्वच्छ दिसत होता. मला सोमवारी बँकेत हजर व्हायचं होतं, रजा पुन्हा मिळणार नव्हती, आणि त्या वाटेसाठी आम्ही दोन वर्षं थांबलो होतो. "होय बाबा, जपून जातो," असं म्हणून आम्ही नाळेत शिरलो. दहाच्या सुमाराला अरुंद जागी वरून घागरीएवढा दगड आला.

त्या रात्री झोळी उचलणाऱ्यांत त्या बाबांचे दोन मुलगे होते. बाबा कंदील घेऊन वाटेवर उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. काकाचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. दिवाळीला तो वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढतो, तेव्हा मी दुसरीकडे बघतो.

माऊ, आमच्या पाचांत अनुभव कमी नव्हता. आदल्या रात्री वर काय झालं होतं ते मात्र आम्हाला माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी ते आम्हाला फुकट सांगितलं होतं, आणि आम्ही ते रजेच्या हिशोबात बुडवलं.

म्हणून तुझ्या या सहलीचं मला कड्याच्या उंचीपेक्षा नऊ दिवसांचं जास्त वाटतं. नऊ दिवसांची रजा, त्यातले दोन प्रवासात, आणि साडेतीन लाख रुपये. तिथे पोचल्यावर पहिले तीन दिवस वारा सुटला, केबल कार बंद राहिली, आणि चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, तर मन काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतं. नेमका तोच दिवस वाईट असतो. ताजा बर्फ आणि वारा थांबल्यानंतरचं पहिलं ऊन. शामोनीत राहणारा माणूस म्हणेल, दोन दिवस थांबू, डोंगर कुठे जातोय. मुंबईहून गेलेल्या माणसाला ते म्हणणं फार जड जातं.

गेले सहा महिने रात्री जेवणं झाल्यावर मी याच विषयाचं वाचतोय. आई म्हणते मी परीक्षेला बसणार आहे की काय. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. आपला कातळ निदान दिसतो. घसारा दिसतो, शेवाळ दिसतं, बोटाला सुटणारी कपार हाताला कळते. बर्फाचा उतार वरून नुसता पांढरा आणि गोड असतो, पण त्याच्या पोटात अख्ख्या हिवाळ्याचं हवामान थराथराने साठलेलं असतं. सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि मग बरेच दिवस कडक, कोरडी थंडी राहिली, की जमिनीलगतच्या बर्फाचे कण मोठे, सुटे होत जातात, अगदी जाड साखरेसारखे. मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. त्यावर नंतर दोन-तीन फूट नवा बर्फ बसला, किंवा वाऱ्याने कड्याच्या आडोशाला घट्ट लादी रचली, की साखरेवर लादी ठेवल्यासारखं होतं. मग एका माणसाचं वजन पुरतं. आणि बहुतेक अपघातांत ती लादी फोडणारा माणूस त्याच टोळीतला असतो. ती आपोआप सुटायची वाट बघत नसते.

तुझ्या गुलमर्गलाही हे लागू आहे, म्हणून हा फक्त परदेशाचा धाक समजू नकोस. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्याने तू ३,९०० मीटरच्या वर पोचतेस. स्की पट्रोल, म्हणजे उतारांवर लक्ष ठेवणारं पथक, जेवढा भाग सांभाळतं तो सोडला, की अफरवटचा बाकीचा सगळा डोंगर तुझ्या स्वतःच्या भरवशावर. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथे दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात गेले. पुढच्याच वर्षी, जानेवारी संपेपर्यंत गुलमर्ग कोरडं ठणठणीत होतं. तू रोज फोटो बघून हळहळायचीस. बर्फ आणणारे पश्चिमी झंझावात आलेच नव्हते, चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मीरच्या सगळ्यात कडक थंडीचे, चाळीस दिवस तसेच गेले. मग बर्फ एकदम आला, आणि फेब्रुवारीत पुन्हा एक परदेशी स्कीपटू गेला. त्या दिवशी तू ऑफिसात होतीस. मी बातमी वाचली आणि तुला फोन केला, भाजी काय आणू विचारायला. आज सांगतो, भाजीचं निमित्त होतं.

आता उताराच्या कोनाबद्दल. तू "स्टीप" हा शब्द ज्या डोळ्यांनी उच्चारतेस ते डोळे माझे आहेत, मला ते ओळखू येतात. माणसं गाडणारी हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात, आणि स्कीला सगळ्यात मजा येते तीही तिथेच. हे दुर्दैव टाळता येत नाही, ओळखता मात्र येतं. फोनमध्ये कोन मोजायची सोय आहे, ती वापर. नुसता आपला उतार मोजू नकोस, डोक्यावर काय लटकतंय तेही बघ. पायाखालची जमीन सपाट असली तरी वरच्या चाळीस अंशांचा माल खालीच येणार. नाळेत आम्ही उभे होतो ती जागा चांगली रुंद पायरीसारखी होती.

तिकडे रोज हिमस्खलनाचं बुलेटिन निघतं, धोक्याच्या पाच पायऱ्यांचं. त्यातली तिसरी पायरी परीक्षेतल्या पास मार्कांसारखी मधली समजू नकोस. चार आणि पाचला माणसं फारशी बाहेर पडत नाहीत. तीनला पडतात, आणि मरणाऱ्यांचा मोठा वाटा तिथलाच असतो. आकड्याखालचा मजकूर वाच: कुठल्या दिशेचे उतार, किती उंचीच्या वर, वारा कुठून होता. आणि युरोपात पिस्टच्या, म्हणजे आखून दिलेल्या स्कीच्या वाटेच्या, खांबापलीकडे पाऊल टाकलं की ते सगळं ऑफ-पिस्ट, लिफ्टच्या अगदी खाली असलं तरी. दुसऱ्याच्या स्कीच्या रेघा दिसल्या म्हणजे उतार पक्का, असं धरून चालू नकोस. पहिले पाच जण सुखरूप उतरतात आणि सहावा लादीच्या पातळ जागी येतो, असं होतं.

व्हॅली ब्लँशबद्दल, शामोनीच्या त्या हिमनदीवरच्या स्कीच्या वाटेबद्दल, तू सांगितलंस तेव्हा आई घाबरली. मला मात्र तुझा हेवा वाटला. खालच्या गावातून केबल कारने वीस मिनिटांत ३,८४२ मीटरवर, मग दोर बांधून ती अरुंद बर्फाची धार पायी उतरायची, आणि पुढे वीस किलोमीटर हिमनदी. पण ते ओढणारं आहे म्हणूनच सांगतो, तिथे भेगांवर बर्फाचे पूल असतात आणि ते वरून कळत नाहीत. हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा कमरपट्टा, अंगातच हवा, पिशवीत नको. गाइडच्या रेषेबाहेर फोटोसाठीसुद्धा जाऊ नकोस. आणि ही वाट शेवटच्या दिवसांत ठेव. मुलुंडच्या फुफ्फुसांना त्या उंचीची सवय व्हायला थोडे दिवस दे.

गाइडचं म्हणशील, तर शामोनीच्या गाइडांची संघटना १८२१ ची, जगातली सगळ्यात जुनी. ती कशी झाली हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. १८२० च्या ऑगस्टमध्ये डॉ. हॅमेल नावाचे पाहुणे माँ ब्लाँ चढायला आले होते. हवा बिघडलेली. गाइडांना परत फिरायचं होतं, पाहुण्यांना चढायचं होतं, असं सांगतात. हिमस्खलन झालं, तीन गाइड भेगेत गेले. त्यांचे अवशेष हिमनदीने चाळीस वर्षांनी खाली आणून दिले. पैसे मोजणारा माणूस गाइडला किती ढकलू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. तू म्हणतेस गाइड आहे ना. आहे, पण तो तुझं तोंडही वाचतो. तुझ्या चेहऱ्यावर हिरमोड दिसला तर त्याला नाही म्हणणं अवघड होतं. पहिल्याच सकाळी त्याला आपणहून सांग, की तुम्ही परत फिरा म्हणालात तर मी एकदाही का विचारणार नाही. हे वाक्य इंग्रजीत पाठ करून जा.

गुलमर्गलाही तसंच. तिथली पोरं पायात स्की घालूनच मोठी झालीत. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला भारताकडून एकटाच गेलेला आरिफ खान त्याच उतारांवर शिकला. त्यांनी ढगाकडे बघून "आज नको" म्हटलं तर पैसे परत मागू नकोस. पूर्ण दे. त्या दिवशी त्यांनी जास्त काम केलेलं असतं.

बीकन (गाडलेल्याचा माग काढणारं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं यांबद्दल एवढंच, की ते आहेत यापेक्षा ते वापरता येतात का हे महत्त्वाचं. पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली माणसं बहुतेक वाचतात, पस्तीस मिनिटांनी तिघांतलं एखादंच. हेलिकॉप्टर एवढ्यात येत नाही. तुला काढणार ते बरोबरचे, आणि तू त्यांना. म्हणून निघायच्या आधी एका रविवारी तुम्ही चौघं इकडे या, आपण राष्ट्रीय उद्यानात पालापाचोळ्याखाली एक बीकन पुरू आणि घड्याळ लावून शोधू. फोन छातीच्या खिशात ठेवायची तुझी सवय सोड, बीकनच्या कामात तो अडथळा आणतो. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारी पकड, लावताना दुकानात वजन खरं सांग. आणि मांड्यांसाठी लिफ्ट सोड. अकरा मजले चढण्यापेक्षा उतरणं जास्त उपयोगाचं, सावकाश, गुडघे वाकवून.

पुढच्या वर्षी जपान म्हणतेस. त्यावर तेव्हा बोलू.

आईने तिळाच्या वड्या वेगळ्या काढून ठेवल्यात. थंडीत खिशात ठेवायला त्याच बऱ्या, चॉकलेट दगड होतं म्हणे. तुझी जुनी लोकरी टोपीही सापडली, औलीच्या स्कीच्या कोर्सला नेली होतीस ती. औलीखालच्या जोशीमठातली घरं तडकल्याच्या बातम्या आल्या तेव्हा तू ज्यांच्याकडे राहिली होतीस त्यांना फोन करून रडली होतीस, ते मी विसरलेलो नाही. जमलं तर त्यांना निघण्यापूर्वी एकदा फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा काढलास तो कागद मी पूर्ण वाचला. सोळाव्या पानावर ऑफ-पिस्ट वगळलंय. वेगळी पॉलिसी घे, पैसे मी भरतो. स्वित्झर्लंडच्या बाजूला गेलीस तर तिथल्या हवाई बचावाचा नंबर १४१४ (पण शामोनीलगतच्या वॅले प्रांतात १४४), युरोपात बाकी सगळीकडे ११२. आणि रोज सकाळी बुलेटिनचा फोटो मला पाठव. तुझ्याकडे आठ वाजतील तेव्हा इथे साडेबारा झालेले असतील. मी ते वाचूनच जेवायला बसेन.