बसचा हॉर्न आणि मायणीचे बगळे

संपादक साहेब नमस्कार,

नोव्हेंबरच्या 5 ते 12 तारखेला पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली सर आणि सलीम अली ह्या दोघा पक्षी अभ्यासकांच्या जयंत्या त्यात येतात, म्हणजे आता परत पक्षी बघायच्या सहली निघणार म्हणून आधीच लिहितोय.

गेल्या जानेवारीत आम्ही एका ग्रुपबरोबर खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर संध्याकाळी गेलेलो. साताऱ्याहून दोन बस भरून माणसं, दुर्बिणी मोजून सात. माझं आजोळ खटावातलं, त्या दुष्काळी भागात इंग्रजांच्या काळचं एवढं पाणी आणि त्यावर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले रानहंस), लहानपणापासून बघतोय तरी मन भरत नाही. 2021 ला हा भाग संवर्धन राखीव झाला, म्हणजे सरकारनं पक्ष्यांसाठी राखून ठेवला, तेव्हा बरं वाटलं होतं.

पण त्या दिवशी बांधावर वरात आल्यासारखा गलका, काठाला वारकरी निवांत पोहत होते (कपाळाला पांढरा टिळा असतो तो काळा पक्षी) ते बघता बघता पार मध्यावर गेले, एका काकांनी तर मोबाईलवर पक्ष्याचा आवाज फुल लावला आणि नेणारी मंडळी हसत बसली. वर पोरं उभी केली पूर्वेच्या बाजूला, ऊन सरळ डोळ्यात, सगळे पक्षी काळेच दिसणार ना! संध्याकाळी सूर्य पाठीला घ्यायचा एवढं तरी माहीत पाहिजे.

आणि ऐन सूर्य बुडताना हाक आली, चला चहा-भजी तयार आहे. अहो बघायचं ते तेव्हाच असतं, दिवसभर शिवारात पांगलेले गायबगळे झाडावर परत येतात, जागेवरून भांडतात, बरीच बदकं उलट अंधार पडताना चरायला निघतात, शिफ्ट बदलल्यासारखं. आम्ही तिघं मागं थांबलो, गप्प. बाभळ पांढरी व्हायला लागली होती तेवढ्यात आमच्यासाठीच बसवाल्यानं हॉर्न दाबून धरला आणि बसलेले सगळे बगळे परत उठले, अंधारात घिरट्या घालत राहिले. चूक आमचीपण, सांगून थांबायला पाहिजे होतं.

तर ह्यावेळी नेणाऱ्यांनी पंधरा-वीसच माणसं न्यावीत, फ्लॅश आणि आवाज बंद, चहा अंधार पडल्यावर. आणि बस तेवढी लांब रोडला उभी करा.

एक वाचक, सातारा